घरच्या खिळ्यावरची दोरी

ताडपत्रीवाल्यांच्या दुकानात दोन नियम होते. दोन्ही त्यांनी स्वतःच केलेले असल्यामुळे ते मोडायची सोय कुणालाच नव्हती, त्यांना तर मुळीच नाही.

पहिला नियम मापाचा. एखादी गाडी दाराशी आली की ताडपत्रीवाले सुती दोरीचं नवं वेटोळं घेऊन तिच्याभोवती फिरत. हौद्याची लांबी संपली तिथे एक गाठ, रुंदी संपली तिथे दुसरी, कमानीचा वळसा संपला तिथे तिसरी, आणि कापड जिथे आकड्यांत अडकवायचं तिथे बारक्या गाठींची रांग. ती दोरी भिंतीवर त्या गिऱ्हाइकाच्या खिळ्याला टांगली की माप झालं. टेप त्यांच्याकडे होती, पण तिने दाराची फट अडवलेली असे. "टेप आकडा सांगते, दोरी गाडी सांगते," असं ते म्हणत. याचा नेमका अर्थ काय, हे कुणी विचारलं नाही, कारण ताडपत्र्या बसत होत्या.

दुसरा नियम कात्रीचा. कात्री चालू असताना दुकानात कुणी बोलायचं नाही. तरुणपणी ते असेच कापत असताना कुणीतरी दारातून आत डोकावून लग्न ठरल्याबद्दल त्यांचं अभिनंदन केलं होतं. ती ताडपत्री अजून मागच्या खिडकीला पडदा म्हणून आहे. तिची एक कड तिरकी आहे. त्यांची बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला तो पडदा दाखवून म्हणे, "आमच्या लग्नाचा पहिला परिणाम."

भिंतीवर खिळे पुष्कळ होते, पण दाराच्या उजव्या हाताचा एक खिळा घरचा. त्यावर एकच दोरी होती, आणि ती इतकी जुनी की दोरीपेक्षा ती वातीसारखी दिसे. हाताचं तेल, मशीनचं वंगण आणि रस्त्याची धूळ खाऊन ती काळी झाली होती. ती त्यांच्या स्वतःच्या गाडीची. गाडी घरी आणली त्याच दिवशी त्यांनी माप घेतलं होतं.

ही गाडी म्हणजे पूर्ण मापाची जुनी पिकअप. पुढे दोनच दारं, बसायला एक सलग बाक, आणि मागे हौदा असा लांब की त्यात आडवं झालेल्या माणसाच्या पायाखाली आणखी एक ट्रंक राहावी. कामापुरती गाडी यापेक्षा बरीच लहान चालली असती. पण ताडपत्रीवाल्यांनी ती कामापुरती घेतलेली नव्हती. शिलाईचा दोरा पुरवणाऱ्या कंपनीने एका वर्षी एक कॅलेंडर दिलं होतं. त्यावर पांढरंशुभ्र मिठाचं मैदान, त्यातून दोरी ओढल्यासारखा सरळ गेलेला रस्ता, आणि रस्ता संपतो तिथे समुद्राच्या तोंडावर एकटा दीपस्तंभ. वर्ष उलटलं, तारखा फाडल्या, चित्र राहिलं. मागे तंबू बांधायचा, आत झोपायचं, स्वयंपाक हौद्याच्या पाडलेल्या फाळक्यावर करायचा आणि मुक्काम करत करत तिथवर जायचं, असं त्यांनी बायकोला सांगितलं होतं. तेव्हा मुलगी शाळेत होती. आता ती नोकरीला लागून दुसऱ्या शहरात राहते आहे आणि सुट्टीला आली की विचारते, "बाबा, अजून तारखा फाडताय का?"

गाडी चालवायची ती बायकोच. तयार ताडपत्र्या पोचवण्याचं काम तिच्याकडे होतं. गोदामं, बाजारसमिती, वीटभट्ट्या, सगळीकडच्या फाटकांवरचे पहारेकरी तिला ओळखत. शहराच्या उत्तरेला जिथे मोठा रस्ता सुरू होतो तिथे त्या दीपस्तंभाच्या गावाचं नाव लिहिलेली हिरवी पाटी होती. त्या पाटीच्या अलीकडे शेवटचं गोदाम. तिथे माल उतरवायचा, गाडी वळवायची आणि परत. पाटीची मागची बाजू तिने कधीच पाहिली नव्हती.

तंबू का शिवला गेला नाही याला कारण नव्हतं, कामं होती. कापडसुद्धा होतं. मेण पाजलेल्या जाड कॅनव्हासचं एक अख्खं ठाण ताडपत्रीवाल्यांनी माळ्यावर राखून ठेवलं होतं. तसं कापड नंतर बाजारात आलंच नाही. मेणाचं कापड एकाच घडीवर राहिलं तर घडीवर तडकतं, म्हणून दरवर्षी पाऊस संपला की ते ठाण खाली यायचं, अंगणात उलगडलं जायचं, उन्हात शेकलं जायचं आणि नव्या जागी घड्या घालून परत वर जायचं. दुसऱ्या मशीनवर बसणाऱ्या मावशी, ज्या या दुकानात मालकांच्याही आधीपासून असल्यासारख्या वागत, हा सोहळा बघून एवढंच म्हणायच्या, "झाली का सहल?"

अशा स्थितीत साडूंनी गाडी घेतली.

साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं, आणि त्यांना जगातली प्रत्येक गोष्ट दुसऱ्याच्या आधी दिसते अशी त्यांची समजूत होती. साडूच्या नात्याची गंमत अशी की दोन पूर्णपणे परक्या पुरुषांना, केवळ दोन बहिणी एकमेकींना सगळं सांगतात म्हणून, आयुष्यभर एका तराजूत बसावं लागतं. ताडपत्रीवाले या तराजूत बरीच वर्षं वरच्या पारड्यात पाय हलवत बसले होते. साडूंचं घर आधी झालं, दुकानाला काचेचं दार आधी लागलं, गुडघाही आधी बदलून झाला. ताडपत्रीवाल्यांनी हे सगळं मोठ्या मनाने सोसलं. गुडघ्याचा तर त्यांनी हेवाही केला नाही, किंवा अगदी थोडा केला. कारण गाडी त्यांच्याकडे होती. पुढेमागे दीपस्तंभापर्यंत जाणारा माणूस त्या घराण्यात एकच होता.

मग एका रविवारी गल्लीच्या तोंडाशी एक हॉर्न वाजला आणि चार दारांची, खांद्याएवढ्या बोनेटची कोरी पिकअप आत शिरली. शिरली म्हणजे गल्लीने अंग चोरलं. चष्मेवाले खाली उतरले. उतरले म्हणजे पायरीवरून आले; गाडीला पायरी होती, आणि दार उघडलं की ती आपोआप बाहेर येई.

"कशी वाटते, साडूभाऊ?"

"मोठी आहे," ताडपत्रीवाले म्हणाले.

"तुमच्या दुकानातलं ते चित्र आहे ना, रस्त्याचं? परवा बसलो होतो तेव्हा पाहिलं आणि हिला म्हटलं, जाऊ या. आपण नुसतं चित्र काय बघत बसायचं?"

थोरली खिडकीची काच खाली करून हसली. तिने प्रवासाची टोपी आत्ताच घातली होती.

ताडपत्रीवाल्यांना पहिल्यांदा जो राग आला तो गाडीचा नव्हता. चित्र त्यांच्या भिंतीवरचं होतं. रस्ता सरकारचा असेल, दीपस्तंभ खलाश्यांचा असेल, पण तिथे जायची कल्पना ही त्यांची स्थावर मालमत्ता होती, आणि साडूंनी ती चहा पिता पिता उचलून नेली होती. त्यांनी त्या संध्याकाळी कॅलेंडर भिंतीवरून काढलं. मग भिंतीवर पांढरा चौकोन दिसायला लागला आणि तो मैदानासारखाच दिसत होता, म्हणून परत लावलं.

पुढचे महिने फार वाईट गेले. चष्मेवाले गाडी सजवू लागले, आणि प्रत्येक नवी वस्तू बसली की दाखवायला दुकानात येऊ लागले. आधी टपावर कॅरिअर आला. मग बोनेटशेजारून टपापर्यंत जाणारी, इंजिनाला उंचावरून हवा खेचायची काळी नळी आली.

"खोल पाण्यातून जाता येतं," चष्मेवाले म्हणाले.

"मिठाच्या मैदानात?"

"धूळ पण वर कमी असते."

ताडपत्रीवाल्यांनी घरी जाऊन जेवताना बायकोला विचारलं, "खरंच वर धूळ कमी असते का गं?" ती म्हणाली, "तुमचं नाक जिथे आहे तिथे तर पुष्कळ दिसते."

मग दुसरी बॅटरी, टपावर ऊन खाणारं पॅनेल, त्यावर चालणारा छोटा फ्रीज. फ्रीज बाहेर सरकायचा, त्याच्या खालचा खण त्याहून बाहेर सरकायचा, आणि त्या खणातून शेगडी उभी राहायची. चष्मेवाल्यांनी हे सगळं एका बोटाने करून दाखवलं. थोरलीने त्यात कपबश्यांसाठी फोमचे खाचे कापून घेतले होते, प्रत्येक कपाचा खाचा वेगळा. धाकटीने, म्हणजे ताडपत्रीवाल्यांच्या बायकोने, एक कप काढून पाहिला आणि परत ठेवला. तिच्या घरी कप एकावर एक ठेवत.

"छान केलंस गं ताई," ती म्हणाली. ज्या आवाजात म्हणाली, तो आवाज ताडपत्रीवाले ओळखत होते. तो त्यांच्यासाठी होता.

शेवटी पुढच्या बंपरला विंच आला. गाडी रुतली की जाडजूड तार सोडायची, झाडाला बांधायची, आणि यंत्राच्या जोरावर गाडीने स्वतःला ओढून बाहेर काढायचं.

ताडपत्रीवाल्यांनी चित्राकडे नीट पाहिलं. किती दिवसांनी त्यांना बरं वाटलं. "साडूभाऊ," ते अगदी गोड आवाजात म्हणाले, "यात झाड कुठे आहे?"

चष्मेवाल्यांनी चष्मा वर करून चित्र पाहिलं. झाड नव्हतं. "मग दुसऱ्या गाडीला बांधू," ते म्हणाले. "तुम्ही या की मागून. तुमच्या गाडीला बांधू."

मावशींना ठसका लागला. तो बराच वेळ चालला.

त्याच बैठकीत खरं काम निघालं. एवढं सगळं झाल्यावर मागच्या हौद्यावर तंबू हवा होता. बाजारात तयार मिळत होते, पण ते पातळ. "घरात ताडपत्रीवाला असताना बाहेर कशाला जायचं?" चष्मेवाले म्हणाले. "लोक काय म्हणतील?" लोकांचं नाव पुढे केल्यावर ताडपत्रीवाल्यांना नाही म्हणता येईना. ते दोरी घेऊन उठले आणि साडूंच्या गाडीभोवती फिरले. गाडी पुढून अवाढव्य होती. चार दारं, मागच्या बाकावर तिघांची ऐसपैस जागा. पण एवढं सगळं पुढे मावल्यावर मागे हौद्याला जागाच उरली नव्हती. हौदा आखूड होता. त्यात झोपायचं तर तिरकं झोपावं लागणार, किंवा फाळका पाडून त्यावर पाय टाकावे लागणार. ताडपत्रीवाल्यांनी गाठ मारली. त्यांना फार आनंद झाला, पण तो दोरीला कळेल इतपतच.

नवी पांढरी दोरी त्यांनी घरच्या खिळ्याला लावली. साडू घरचे. दुसऱ्या खिळ्याला लावली असती तर तेही दिसलं असतं.

कापड निवडताना घोळ झाला. ताडपत्रीवाल्यांनी चार ठाणं पुढे टाकली. चष्मेवाल्यांनी ती चारही चिमटीत धरून चोळून पाहिली आणि मान वर केली. "माळ्यावर ते काय आहे?"

"ते विकायचं नाही."

"मग काय करायचं आहे?"

खरं उत्तर दिलं असतं तर साडूंसमोर दिलं असतं, आणि ते हसले असते. ताडपत्रीवाले इकडेतिकडे पाहू लागले. धाकटी गाडीच्या किल्ल्या घेऊन दारात उभी होती. तिला उत्तरेच्या गोदामाला जायचं होतं, म्हणजे पाटीपर्यंत.

"घेऊन जा भाऊजी," ती म्हणाली. "त्याला इथे नुसती हवा देतात."

आणि ती गेली. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, गिअर जरा जोरात पडला.

त्या रात्री जेवताना ताडपत्रीवाले म्हणाले, "मला विचारायचंस तरी."

"तुम्ही मला विचारलं होतं? तिथे नेतो म्हणून सांगितलं तेव्हा? सांगितलं आणि सोडून दिलं. मी त्यानंतर कधी दुसरीकडे कुठे जायचं ठरवलं नाही, की आधी ते होऊ दे. ताई दोनदा समुद्रावर जाऊन आली. मी म्हटलं, आम्ही जाणार आहोत. आता तीच जाणार तिथे. मग परत येऊन मला फोटो दाखवणार, आणि मी छान म्हणणार." तिने ताट उचललं. "म्हणायचा सराव करते आहे मी."

दुसऱ्या दिवशी ताडपत्रीवाल्यांनी ठाण खाली घेतलं आणि जमिनीवर उलगडलं. मावशींनी मशीन थांबवली. ताडपत्रीवाल्यांनी घरच्या खिळ्याकडे हात नेला, दोरी घेतली, कापडावर ताणली, खडूने खुणा केल्या आणि कात्री उचलली. जाड कॅनव्हास कापताना बर्फावरून चालल्यासारखा आवाज येतो. तेवढाच येत होता. मावशी बघत होत्या. त्यांनी तोंड उघडलं, मालकांच्या हातातल्या कात्रीकडे पाहिलं आणि मिटलं.

नंतर शिलाई सुरू झाली. मोठं काम शिवताना ते समोर दिसत नाही. मांडीवर, पायाशी, मशीनच्या पलीकडे नुसता डोंगर पडलेला असतो आणि सुईखाली तळहाताएवढं काय ते खरं असतं. लांब शिवणी मावशींनी घातल्या. कोपरे, खिसे आणि पितळी रिंगा ताडपत्रीवाल्यांनी केल्या. कोपरे त्यांनी दाभणाने हातावर शिवले, मेणाचा दोरा दुहेरी घेऊन. साडूंसाठी इतकं करायची गरज नव्हती. ते स्वतःलाच म्हणत होते की एवढं का करतो आहे, आणि करत होते. मागच्या पडद्याला आतून एक छोटा खिसा त्यांनी लावला. चष्मा ठेवायला म्हणून लावला असं त्यांनी मावशींना सांगितलं. मावशींनी खिसा पाहिला. त्यात चष्मा मावला नसता. मालकांच्या बायकोची केसांची फणी बरोबर मावली असती.

तंबू बसवायच्या दिवशी दोन्ही बहिणी आल्या. चष्मेवाल्यांनी गाडी दुकानासमोर आणून लावली. पलीकडे भिंतीकडेला जुनी पिकअप उभी होती, तिच्या हौद्यात दोन जुन्या ताडपत्र्या आणि एक बादली. चष्मेवाल्यांनी ॲल्युमिनियमच्या कमानी चढवल्या. ताडपत्रीवाले आणि मावशी दोन बाजूंनी कापड धरून चढवू लागले.

पुढचे दोन कोपरे बसले. रुंदी बसली. मग कापड मागे मागे जात राहिलं. हौदा संपला, फाळका संपला, आणि कापड अजून येतच होतं. शेवटी ते फाळक्यावरून खाली लोंबलं, आजोबांचा कोट नातवाने घातल्यासारखं. कडेच्या रिंगा आकड्यांच्या मधोमध येत होत्या, एकही आकड्यावर नव्हती.

कात्री चालू नसताना दुकानासमोर इतकी शांतता पूर्वी कधी झाली नव्हती.

"साडूभाऊ, हे काय?" चष्मेवाले म्हणाले.

ताडपत्रीवाल्यांनी लोंबती कड हातात घेतली. सबंध व्यवसायात त्यांचं एक माप चुकलं होतं, ते पडदा होऊन खिडकीला होतं. ते आत गेले आणि घरच्या खिळ्यावरून दोरी काढून आणली. ती पांढरी होती. कोरी, कडक, खडूचा कणही न लागलेली.

"तुम्ही काळी घेतली होती," मावशी म्हणाल्या.

"मग बोलला का नाहीत?"

"कात्री चालू होती."

"नंतर?"

"नंतर बोलून कापड सांधतं का? आणि मला वाटलं, अखेर मालकांना अक्कल आली. स्वतःचं करताहेत."

एक दोरी कोळशासारखी, एक दुधासारखी. आंधळ्यानेही हाताने ओळखली असती, एक मऊ होती आणि एक खरखरीत. हा हिशेब तिथल्या प्रत्येकाने मनात केला, आणि थोरलीने तोंडाने. "मुद्दाम केलं असेल तर तसं सांगा," ती म्हणाली. "आम्ही बाहेरून शिवून घेऊ. रागावणार नाही."

"मुद्दाम नाही केलं," ताडपत्रीवाले म्हणाले. ते खरं होतं. चुकून केलं, असं म्हणायला मात्र त्यांची जीभ वळेना.

"अहो, एवढं काय त्यात," चष्मेवाले म्हणाले. समोरचा माणूस पडला की त्यांना उदार व्हायला आवडे. "आखूड झालं असतं तर गोष्ट वेगळी. जास्तच आहे ना? कापून टाका. रिंगा नव्या मारा. आठवड्याभरात होईल, आम्ही तोवर थांबतो. कात्री आणा हो मावशी."

मावशी हलल्या नाहीत. ताडपत्रीवाले स्वतः आत गेले आणि मोठी कात्री घेऊन आले. जमिनीवर कापड पसरलं. पांढरी दोरी ताणली, खडूने रेघ मारली. रेघ हातशिवणीच्या कोपऱ्यांच्या आतून, खिशाच्या मधून जात होती. त्यांनी कात्री उघडली आणि कापडाला लावली. सगळे गप्प झाले. चष्मेवालेसुद्धा, कारण नियम त्यांनाही ठाऊक होता. कात्रीचं पहिलं पातं कापडाखाली गेलं.

"थांबा," धाकटी म्हणाली.

मावशींनी दचकून तिच्याकडे पाहिलं. ताडपत्रीवाल्यांचा हात थांबला. लग्न ठरल्याच्या दिवसापासून उघड्या कात्रीवर त्या दुकानात कुणी शब्द टाकला नव्हता.

"ते आमचं आहे," ती म्हणाली.

"अगं, तूच तर म्हणालीस घेऊन जा," थोरली म्हणाली.

"कापड घेऊन जा म्हटलं होतं, ताई. हे कापड राहिलं आहे का आता? हा तंबू आहे, आणि हा कुणाच्या गाडीचा आहे हे त्या फाळक्यानेच सांगितलं." मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "आणि तुम्ही. काल रात्री म्हणालात हात दुखतोय. साडूसाठी कुणी हातावर कोपरे शिवत नसतं. धरा ते टोक."

तिने स्वतः एक टोक उचललं. मावशींनी दुसरं. ताडपत्रीवाले कात्री कुठे ठेवावी ते न कळून ती चष्मेवाल्यांच्या हातात देऊन गेले. जुन्या पिकअपच्या हौद्यातल्या ताडपत्र्या बाहेर आल्या, बादली बाहेर आली. गंजक्या लोखंडी कमानींवरून कापड सरकत गेलं आणि फाळक्यापाशी येऊन थांबलं. रिंगा आकड्यांवर उतरल्या. एकेक रिंग आकड्यात बसताना टक् असा आवाज येत होता. गल्लीत बाकी काही ऐकू येत नव्हतं. एकही रिंग ओढावी लागली नाही.

चष्मेवाले हातात कात्री घेऊन बघत होते. मग ते जवळ आले, तंबूच्या आत डोकं घातलं, बाहेर काढलं. आत पाय पसरून झोपता येत होतं, आणि पायाखाली ट्रंक राहत होती.

"उंचीला जरा जास्त आहे का?" ते म्हणाले.

ताडपत्रीवाल्यांनी हा आवाज पूर्वी ऐकला होता. तो त्यांचा स्वतःचा होता. वर धूळ कमी असते का, असं विचारणारा. त्यांच्या अंगावर सुखाचा काटा आला.

"आणि आमचं काय?" थोरली म्हणाली. "आम्ही पुढच्या आठवड्यात निघणार होतो. सगळ्यांना सांगून झालंय."

"शिवतो ना," ताडपत्रीवाले म्हणाले. "माप आहेच खिळ्याला. आल्यावर शिवतो."

"कुठून आल्यावर?"

त्यांनी बायकोकडे पाहिलं. तिने किल्ल्या हातात घेतल्या होत्या.

तयारी अशी काही झालीच नाही. हौद्यात एक गादी टाकली, एक शेगडी, पाण्याचे दोन कॅन, घरातले एकावर एक बसणारे कप आणि तीच बादली. विंच नव्हता. नळी नव्हती. इंजिनाने आयुष्यभर खालचीच हवा घेतली होती आणि त्याची काही तक्रार नव्हती. मावशींकडे दुकानाची किल्ली दिली. त्यांनी ती पदराला बांधली आणि म्हणाल्या, "आता कॅलेंडर काढू का? की परत येऊन पुन्हा बघणार?"

उत्तरेच्या गोदामाच्या पहारेकऱ्याने सवयीने फाटक उघडलं. धाकटीने हॉर्न वाजवला आणि गाडी न वळवता पुढे नेली. हिरवी पाटी मागे गेल्यावर तिने आरशात पाहिलं. पाटीच्या मागच्या बाजूला काहीच लिहिलेलं नव्हतं, नुसता पत्रा. तिला ते फार आवडलं.

चष्मेवाल्यांची गाडी त्यांच्या दारात उभी होती, सगळ्या दिव्यांसकट. शेजारी विचारत, "अजून निघाला नाहीत?" आणि ते सांगत, "तंबू यायचाय." कोण शिवतंय, असा पुढचा प्रश्न आला की ते आत जात. थोरलीने प्रवासाची टोपी कपाटात ठेवली, मग दुसऱ्या कपाटात ठेवली.

मिठाचं मैदान चित्रातल्यापेक्षा करडं होतं, आणि दीपस्तंभाचा एका बाजूने रंग उडालेला होता. ताडपत्रीवाल्यांना हे थोडं लागलं, पण त्यांनी बोलून दाखवलं नाही. संध्याकाळी गाडी रस्त्याच्या टोकाला लावली, फाळका पाडला, त्यावर चहा झाला. वारा सुटला होता आणि कापड अजिबात फडफडत नव्हतं. धाकटीने आतल्या छोट्या खिशात हात घातला, तो कशाएवढा आहे ते तिच्या लक्षात आलं, आणि तिने फणी त्यात ठेवली.

मग तिने फोटो काढला. तंबू, फाळका, मागे दीपस्तंभ. ताईला पाठवला. उत्तर बराच वेळ आलं नाही. आलं ते ताईच्या फोनवरून, पण शब्द भाऊजींचे होते.

"छान," तिने वाचून दाखवलं. "पण हौदा जरा जास्तच लांब दिसतो."

ताडपत्रीवाले कप हातात धरून समुद्राकडे बघत बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "काय म्हणतात म्हणालीस?"

तिने परत वाचलं.

"वाऱ्यात नीट ऐकू आलं नाही," ते म्हणाले. "जरा पुन्हा वाच."